आपलं उजवं

भावजय अंगण ओलांडून धावत आली तेव्हा थोरली पायरीवर बसून कात्रीला धार लावत होती. कात्री बोथट होती असं नाही. पण कारखान्यात पाऊल टाकायचं नाही असं ठरवून पंधरा दिवस झाले होते आणि हातांना काहीतरी चाळा हवाच होता. घरातली एकूण एक सुरी-कात्री आता अशी झाली होती की तिचा नवरा सफरचंद कापायलाही घाबरायचा.

"ताई, चला," भावजय धापा टाकत म्हणाली. "रीळ गप्प बसलंय."

"कुठलं?"

"ढेरपोट्या हो. काळा रंग चढवून सगळा माल आला. सकाळी ह्यांनी पहिलं जोडलं, दोरी ओढली, तर हूं नाही की चूं नाही. आणि उलट गुंडाळायला लागले तर असं किंचाळतंय की विचारू नका."

"ज्यांचं रीळ आहे त्यांनी बघावं."

"त्यांना कळलं असतं तर मी पळत आले असते का?" भावजयीने पदर, केस, श्वास सगळं एकदमच सावरलं. "उद्या व्यापाऱ्याचा माणूस येतोय, ताई. आत नुसता गोंधळ चाललाय. हे पोरावर ओरडतायत, पोरगा मशीनवर ओरडतोय, आणि बाबांना काही ऐकूच येत नाहीये म्हणून ते दोघांवर ओरडतायत."

थोरलीने कात्री खाली ठेवली. भावाची दया आली म्हणून ती उठली नाही, हे तिचं तिला पक्कं ठाऊक होतं. तिला राग आला होता. ढेरपोट्याने उलटं ओरडावं? तिच्या ढेरपोट्याने?

कारण ते रीळ तिचं होतं, कोणी काहीही म्हणो. या घराण्यात तीन पिढ्या माशांच्या गळाची रीळं बनत आली होती, तीही पिसांची खोटी माशी टोकाला बांधून, दोरी पाण्यावर अलगद फेकून मासे धरणाऱ्या शौकिनांची. आजोबांच्या रीळाचं पोट बारीक होतं. दोरी त्यावर गुंडाळून ठेवली की तिला वेटोळ्यांची सवय लागायची आणि पाण्यावर फेकली तरी ती सरळ पडायची नाही. थोरलीने चार वर्षं खपून रुंद, पोकळ पोटाचं नवं रीळ काढलं. पोट पाहून भावजयीने त्याला ढेरपोट्या म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. थोरलीने ते कागदावर आखलं, मग लेथवर अॅल्युमिनियमचा गोल ठोकळा लावून पहिलं स्वतःच्या हाताने घडवलं. भाच्याने, म्हणजे धाकट्या भावाच्या पोराने, ज्याला सगळे थट्टेने इंजिनियर म्हणत आणि जो खरोखरच इंजिनियर होता, त्याने तिच्या कागदावरची मापं नव्या मशीनच्या संगणकात भरली. भरली, बस. आणि पंधरा दिवसांपूर्वी धाकट्याने सगळ्यांसमोर एक लाकडी डबी उघडून त्यातला नवा कोरा पोलादी ठसा दाखवला होता. ठशाच्या टोकाला नखाएवढा मासा.

"नव्या रीळावर पोराचा ठसा जाईल," तो म्हणाला होता.

घरची रीत अशी की ज्याने रीळ काढलं त्याचा ठसा रीळाच्या पायाखाली बसतो. पाय म्हणजे रीळ गळाच्या काठीवर जिथे बांधतात ती खालची पट्टी. जुन्या रीळांवर आजोबांची चंद्रकोर होती, नंतरच्यांवर बाबांचं त्रिकोणी शीड. मासा पाहून थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तिने हातातली कानस टेबलावर आपटली आणि जी बाहेर पडली ती आज परत चालली होती.

कारखान्याचं दार ओलांडताच तेलाचा आणि कापलेल्या धातूचा वास नाकात भरला. वास आवडला म्हणून तिला आणखी राग आला.

तीन ट्रे भरून काळी कुळकुळीत घरं मांडून ठेवली होती. या कारखान्यात रीळाच्या बाहेरच्या चौकटीला घर म्हणत आणि आत फिरतं त्याला चाक. चाकाच्या दात्यांवर घासत राहणारी पोलादाची छोटी पट्टी ती जीभ. मासा गळाला लागून पळायला लागला की दोरी सुटते, चाक फिरतं आणि जीभ किर्रर्र करत त्याला जरा मागे धरते, चाक उधळून दोरीचा गुंता होऊ नये इतपतच. दोरी परत गुंडाळताना तिने नुसतं कुरकुरायचं. थोरलीची जीभ त्यासाठीच एका अंगाने उभी आणि दुसऱ्या अंगाने उतरती होती.

"आलीस?" धाकटा म्हणाला. तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, डोक्यावरचे केस कधीच गेले होते, कारखान्याच्या पाटीवर मालक म्हणून त्याचंच नाव होतं, तरी सगळ्यांच्या तोंडी धाकटाच. "ये. बघ. बघून घे एकदा."

थोरली त्याच्याशी बोलली नाही. तिने रीळ उचललं आणि दोरी ओढली. चाक भरकन फिरलं, दोरी सैल पडली आणि तिच्या मनगटाभोवती गुंता झाला. गुंता न सोडवताच तिने चाक काढून घर उजेडाकडे धरलं. जीभ बसवायचा खड्डा पलीकडच्या बाजूला होता. तिने ट्रेमधलं दुसरं घर पाहिलं, मग तिसरं.

"खड्डा उलट्या बाजूला पाडलाय," ती म्हणाली. "सगळ्यांना."

"ते दिसतंय मलाही. का पाडला ते सांग."

"मला विचारतोस? मशीन तुझं, इंजिनियर तुझा."

"आत्या," भाचा म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते, रडून की जागून कोण जाणे. "मी तुला विचारून पाडलाय."

"मला?"

"मी तुझ्या घरी आलो होतो, तू दार उघडलं नव्हतंस. मी बाहेरून विचारलं, जीभ कुठल्या बाजूला, कागदावर नीट कळत नाहीये आणि नमुन्याचं रीळ तुझ्याचकडे आहे. तू आतून ओरडलीस, आपल्या उजव्या बाजूला."

थोरलीला ते आठवलं. दारावरची थाप आठवली, आपला चढलेला आवाज आठवला, आणि नंतर अंगणात लांब जाणारी त्याची पावलंही. तिने घर हळूच खाली ठेवलं.

"बरोबर सांगितलं मी. आपलं उजवं."

"मग? मी आपल्या उजव्याच बाजूला पाडला!" भाच्याने उजवा हात तिच्यासमोर नाचवला. "हे बघ. हे आपलं उजवं."

"ते तुझं उजवं आहे, गाढवा!"

भावजयीने कपाळाला हात लावला. तिला या घरात येऊन बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे घोडं कुठे पेंड खातंय ते तिला नवऱ्याआधी कळलं. कारखान्यातल्या टेबलाला दोन बाजू होत्या. आजोबा आतल्या बाजूला बसत, बाकीचे त्यांच्या समोर, आणि आजोबा ज्याला उजवं म्हणत तेच सगळ्यांचं उजवं. समोर बसणाऱ्याने आपल्या डाव्या हाताला "आपलं उजवं" म्हणायला शिकायचं, पहिले काही दिवस शिव्या खायच्या, मग सवय व्हायची. आजोबा जाऊन जमाना झाला तरी इथलं उजवं त्यांच्या खुर्चीवरूनच मोजलं जात होतं. आणि पोरगा लहानपणापासून वसतिगृहात राहिलेला. त्याने टेबलाशी बसून शिव्या खाल्ल्याच नव्हत्या.

"मला कोणी सांगितलं होतं का," भाचा म्हणाला, "की या घरात आपलं म्हणजे पणजोबांचं?"

"बापाला विचारायचंस!"

"विचारलं. बाबा म्हणाले, आत्याने आपलं उजवं सांगितलंय ना, मग आपलंच उजवं."

सगळ्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि लालबुंद झाला की तो हटकून मोठ्याने बोलायचा.

"मला काय माहीत हा काय समजला ते! मी फोनवर होतो. आणि माझ्यावर काय खापर फोडताय सगळे? ताई, तू इथे असतीस तर ही वेळ आली असती का? तोंड फुगवून घरात बसलीस. दाराआडून ओरडून कारखाने चालतात? डिझाइन तुझं, रीळ तुझं, मग ते नीट उतरतंय की नाही हे बघायची जबाबदारी कुणाची? तुझीच ना?"

थोरली एकदम शांत झाली. तिची ही शांतता भावजयीला माहीत होती. ती दोन पावलं मागे सरकून पुठ्ठ्याच्या खोक्यांपाशी जाऊन उभी राहिली.

"काय म्हणालास?"

"काय म्हणालो?"

"आत्ता. रीळ कुणाचं म्हणालास?"

धाकट्याने ओठ चाटले. "शब्दात पकडू नकोस, ताई. मला काय म्हणायचं होतं..."

"काय म्हणायचं होतं ते नको सांगूस. काय म्हणालास ते सांग."

"तुझं म्हणाले हे," भावजय खोक्यांमधून म्हणाली. "मी ऐकलं."

"तू गप्प बस गं!"

"का बसू? पंधरा दिवस गप्पच बसले होते ना. त्याचा काय उपयोग झाला तो ट्रेमध्ये बघा."

थोरलीने एक घर उचलून उलटं केलं आणि पाय धाकट्याच्या नाकासमोर धरला. काळ्या रंगाखाली मासा स्पष्ट दिसत होता. शेपूट वर, तोंड उघडं.

"रीळ माझं ना? मग हा कुणाचा मासा?"

धाकट्याने नाक मागे घेतलं.

"माल चांगला होता तोवर मासा तुझ्या पोराचा. माल बिघडला आणि एका सकाळीत रीळ माझं झालं? वा रे वा! व्यापाऱ्याला फोटो पाठवलास त्याखाली काय लिहिलंस? आमच्या मुलाने काढलेलं नवं रीळ. मला तुझ्या बायकोने दाखवलंय ते. आता लिही ना, आमच्या बहिणीने बिघडवलेलं. लिही, बसते मी इथे."

"अगं पण एवढं काय आहे त्या ठशात?" धाकटा उसळला. "काठीवर बसवलं की तो दिसतो तरी का कुणाला?"

"दिसत नाही ना? मग माझा असता तर तुझं काय बिघडत होतं?"

त्याने पोराकडे पाहिलं. पोरगा जमिनीवर पडलेल्या धातूच्या कुरळ्या कपच्या बुटाने गोळा करत होता.

"आत्या, मी ठसा मागितला नव्हता," तो खाली बघतच म्हणाला.

"नको असंही म्हणाला नाहीस."

"म्हणालो नाही," त्याने कबूल केलं. "डबी उघडली तेव्हा तुझ्याकडे बघवलं नाही मला. पण आवडला होता मासा."

थोरलीच्या रागाला तेवढ्यापुरता धक्का बसला, कारण या सगळ्या गोंधळात पहिल्यांदाच कोणीतरी खरं बोललं होतं. पण त्याने राग कमी होण्याऐवजी आणखी भडकला. हा एवढं खरं बोलू शकत होता, तर पंधरा दिवस कुठे होता?

टेबलाच्या आतल्या बाजूला, आजोबांच्या खुर्चीत, बाबा बसले होते. ऐंशी उलटलेले, कानाचं यंत्र नेहमीप्रमाणे खिशात. ते प्रत्येक हलणाऱ्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते आणि चिडत होते.

"काय चाललंय? कोणी मला सांगेल का?" ते टेबलावर थाप मारून म्हणाले. "काय म्हणतोय हा?"

"सांग," थोरली धाकट्याला म्हणाली. "बाबांना सांग काय म्हणालास ते. कानात सांग."

"ताई, पुरे आता."

"सांगतोस की मी सांगू?"

धाकटा खुर्चीपाशी गेला, वाकला आणि बापाच्या कानाशी ओरडला, "ताईचं रीळ आहे, बाबा! ढेरपोट्या ताईचा आहे!"

बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने दिवस उजाडल्याची बातमी आणली होती.

"मग? ते ठाऊक आहे मला."

थोरली टेबलाला वळसा घालून बाबांच्या समोर येऊन उभी राहिली. तिने त्यांच्या खिशातून यंत्र काढलं, त्यांच्या कानात बसवलं आणि बटण फिरवलं. हे ती रोज करायची, आजही तिचे हात तितकेच हलके होते. आवाज मात्र हलका नव्हता.

"काय ठाऊक आहे तुम्हाला?"

"तू काढलंस ते. माझ्यासमोरच तर बसून काढलंस. जिभेचा उतार तिसऱ्यांदा चुकला तेव्हा रडलीस. मी पाहिलंय."

"आणि याने डबी उघडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच होतो."

"कानात यंत्र होतं?"

बाबांनी मान खाली घातली. यंत्र होतं. त्या दिवशी सगळ्यांनी चांगले कपडे घातले होते आणि भावजयीने स्वतः त्यांच्या कानात ते बसवलं होतं.

"तुम्ही एक शब्द बोलला असतात ना बाबा, तर याची डबी बंद झाली असती. एक शब्द! मला याचा राग नाही येत इतका. हा लहानपणापासून माझ्या ताटातलं उचलून खातोय, याला वाटतं तीच रीत आहे. पण तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही मूग गिळून बसलात."

"अगं, भांडण नको म्हणून." बाबांचा आवाज बारीक झाला. "आणि ठसा कुणाचा का असेना, शेवटी आपलंच तर आहे सगळं. आपलं घर, आपलं रीळ..."

"आपलं!" थोरली इतक्या मोठ्याने ओरडली की बाबांच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवू लागलं. "हेच! हेच ऐकतेय मी जन्मभर! ताईने जिभा घासल्या, ते आपलं काम. ताईने रीळ काढलं, ते आपलं रीळ. आणि ठसा मारायची वेळ आली की आपलं कुठे जातं? तेव्हा बरोबर एकाचं होतं! चंद्रकोर आपली का नाही म्हणालात? शीड आपलं का नाही म्हणालात? तुमचं होतं ना ते? तुमचं एकट्याचं? मग माझ्यावेळीच आपलं कुठून आलं?"

बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. एरवी थोरली विरघळली असती. आज तिने त्यांना रडू दिलं.

"आणि हे बघा तुमचं आपलं!" तिने ट्रे दणकन हलवला. काळी घरं एकमेकांवर आपटली. "तीनशे घरं! आपलं म्हणजे नक्की कुणाचं, हे या घरात कोणी कधी विचारलं नाही, त्याची फळं! मी तोंड फुगवून बसले, तेही आहे यात. दार उघडून दाखवलं असतं तर खड्डा नीट पडला असता. ती माझी चूक. ती मी घेते. पण नुसती चूक घेणार नाही. चूक माझी तर रीळ माझं."

नव्या मशीनच्या काचेआड तेलाचा थेंब टपकला.

"आता करायचं काय ते सांग," धाकटा शेवटी म्हणाला. त्याचा आवाज अजून चिडलेला होता, पण त्यातली हवा गेली होती. "जीभ उलटी बसवली तर?"

"या जिभेची दोन अंगं वेगळी आहेत. उलटी नाही बसत. ही घरं डाव्या हाताने गुंडाळणाऱ्यांची झालीत, त्यांच्यासाठी तंतोतंत बरोबर, त्यांना विकता येतील. आपल्... व्यापाऱ्याने उजव्या हाताची मागितली होती. ती नव्याने करावी लागतील आणि त्याला ते आजच सांगावं लागेल."

"मी बोलतो त्याच्याशी. सांगतो रंगवाल्याकडून काहीतरी..."

"तू फोनला हात लावायचा नाहीस."

धाकट्याने पुढे केलेला हात मागे घेतला. कारखान्याचा फोन खिडकीपाशी होता आणि आजवर त्यावर व्यापाऱ्याशी त्याच्याशिवाय कोणी बोललं नव्हतं. थोरलीने रिसीव्हर उचलला.

"आत्या," भाचा पुढे आला. त्याच्या हातात हातोडी होती. "मासा पुसायला हवा. तुझा ठसा कुठला?"

थोरली गोंधळली. ठशासाठी ती इतकी भांडली होती, पण तो कसा असेल हे तिने कधी मनातसुद्धा काढून पाहिलं नव्हतं. तिने टेबलाकडे नजर टाकली. तिथल्या पत्र्याच्या डब्यात तिनेच घासून, तापवून, कडक केलेल्या जिभा पडल्या होत्या. तिने त्यातली एक उचलून त्याच्या तळहातावर ठेवली.

"ही ठोक. माशावर. अॅल्युमिनियम मऊ असतं, बसेल."

"ताईची जीभ," भावजय म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "सगळ्या पायांखाली!"

धाकट्याने बायकोकडे रागाने पाहिलं. तिने उत्तर म्हणून बाह्या सरसावल्या, ट्रेमधून पहिलं घर घेतलं आणि पोरासमोर उलटं करून घट्ट धरलं.

थोरलीने नंबर फिरवला. पलीकडे घंटी वाजत होती. बाबा खुर्चीतून उठायचा प्रयत्न करत होते. एका हाताने टेबल धरून, दुसऱ्याने आजोबांची खुर्ची मागे ढकलून ते उभे राहिले आणि ती रिकामी खुर्ची त्यांनी थोरलीच्या दिशेने थोडी वळवली. तिने पाहिलं. ती बसली नाही.

"हॅलो," व्यापारी म्हणाला. बाईचा आवाज त्याला अपेक्षित नव्हता, म्हणून तो जास्तच आदराने बोलला. "आपण कोण?"

"आपण नाही," थोरली म्हणाली. "मी बोलतेय. तुम्ही ज्या रीळाची वाट बघताय ते मी काढलंय. त्यात माझ्याकडून एक चूक झालीय, आधी ती ऐकून घ्या."

मागे पहिला घाव बसला. काळा रंग फुटून आतला पांढरा धातू चमकला आणि माशाचं तोंड मिटलं. मग दुसरा घाव, मग तिसरा.

"ऐकतोय," व्यापारी म्हणाला. "पण मागे एवढी ठोकाठोक कसली चाललीय?"

थोरलीने वळून धाकट्याकडे पाहिलं. तो ट्रेपाशी एकटाच उभा होता, काय करावं ते न कळून. तिने हनुवटीनेच त्याला पुढचं घर उचलायला सांगितलं आणि त्याने ते उचलेपर्यंत ती फोनवर काही बोलली नाही.

"दुरुस्ती चाललीय," ती म्हणाली.